कॉर्टिसोन व शोथरोधी स्टेरॉइड हॉर्मोने

वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) वरच्या टोकांवर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकात (बाहेरील थरात) तयार होणारी आणि शोथ (दाहयुक्त सूज) कमी करणारी हॉर्मोने, तसेच त्यांच्या संरचनेवरून कृत्रिम रीत्या तयार केलेली औषधे यांना शोथरोधी स्टेरॉइडे म्हणतात. ग्लुकोज व इतर कार्बोहायड्रेटांच्या चयापचयावर (शरीरात सतत घडणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींवर) त्यांचा परिणाम होत असल्याने त्यांना ग्लुकोकॉर्टिकॉइडे असेही नाव आहे. मानवी शरीरातील मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड कॉर्टिसॉल (हायड्रोकॉर्टिसोन) हे होय. कॉर्टिसोन हे त्याचे निकटचे संयुग असून ते स्वतः निष्क्रिय असते. मुख्यतः यकृतात त्याचे कॉर्टिसॉलमध्ये रूपांतर झाल्यावरच ते कार्य करते. तथापि औषध म्हणून प्रथम कॉर्टिसोनच हाती आल्यामुळे या सर्व गटाचा इतिहास त्याच्या नावाशी निगडित झाला आहे. [⟶ अधिवृक्क ग्रंथि].

पूर्वेतिहास : अधिवृक्क ग्रंथींचे शरीरातील महत्त्व प्रथम टॉमस ॲडिसन या इंग्लिश वैद्यांनी दाखवून दिले. लंडन येथील गाय्‌ज रुग्णालयात काम करीत असताना त्यांना आढळलेल्या काही रुग्णांत कमालीचा अशक्तपणा, भूक मंदावणे, वजन घटणे आणि त्वचा काळपट पडणे ही लक्षणे होती व मरणोत्तर तपासणीत त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त झालेल्या दिसल्या. ॲडिसन यांनी हे वर्णन १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल एद्वार ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यास ते थोड्याच काळात मरतात, असे प्रयोगांनी दाखविले. ग्रंथीच्या मध्यकातील (आतील भागातील) ॲड्रेनॅलीन हे हॉर्मोन विसाव्या शतकाच्या आरंभीच शुद्ध स्वरूपात मिळाले. परंतु त्याने ॲडिसन रोग आटोक्यात येईना. जीवनावश्यक द्रव्य मध्यकात नसून बाह्यकात असले पाहिजे, हे त्यावरून हळूहळू स्पष्ट झाले. १९३० च्या सुमारास डब्ल्यू. डब्ल्यू. स्विंगल व जे. जे. फिफ्नर यांनी बाह्यकाचा असा अर्क तयार केला की, त्यामुळे ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगू शकले. या अर्कातील क्रियाशील द्रव्य कोणते, हा पुढील दशकातील रसायनशास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता.

बाह्यकातील संयुगांचे अलगीकरण : या प्रश्नावर अनेक प्रयोगशाळांत एकाच वेळी काम सुरू झाले. त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या ठरल्या. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड कॅल्व्हिन केंडाल (१८८६–१९७२) यांनी व स्वित्झर्लंडमध्ये प्रथम झुरिक व नंतर बाझेल येथे टाडेउश राइखश्टाइन (१८९७–१९९६) यांनी हे संशोधन केले. केंडाल यांनी १९१४ मध्ये अवटू ग्रंथीतील थायरॉक्सिन हे हॉर्मोन स्फटिकरूपात अलग केले होते, तर राइखश्टाइन यांचे नाव क जीवनसत्त्वाच्या संश्लेषणामुळे (कृत्रिम रीत्या तयार करण्यामुळे) आधीच प्रसिद्ध होते.

हे काम अत्यंत चिकाटीचे होते. कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या गुरांच्या शेकडो किलोग्रॅम ग्रंथींवर प्रक्रिया केल्यानंतर हाती येणारे शुद्ध द्रव्य काही मिलीग्रॅमच भरत असे. अर्कात एकच हॉर्मोन असेल अशी आरंभीची कल्पना होती. परंतु प्रत्यक्षात एकमेकांशी संरचनेने अगदी मिळतीजुळती अशी अनेक संयुगे मिळू लागली. राइखश्टाइन यांनी एकूण २९ संयुगे अलग केली व त्यांपैकी ६ जैव दृष्ट्या क्रियाशील असल्याचे आढळले. ती सर्व स्टेरॉइड वर्गातील होती. कार्बन अणूंची तीन षट्‌कोनी व एक पंचकोनी अशी चार जोडलेली वलये हा या वर्गाचा सांगाडा असून कोलेस्टेरॉल, पित्ताम्ले व लैंगिक हॉर्मोने यांतही तो आढळतो. केंडाल यांनी आपल्या संयुगांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली होती. त्यांतील ‘संयुग ई’ हेच पुढे कॉर्टिसोन व ‘संयुग एफ’ हेच कॉर्टिसॉल म्हणून ओळखले जाऊ लागले. संयुग ई इतरही प्रयोगशाळांत त्याच सुमारास मिळाले होते. राइखश्टाइन यांनी त्याला ‘एफए’ ही संज्ञा दिली होती. सांगाड्यातील ११ व्या कार्बन अणूला जोडलेला ऑक्सिजन अणू हे या संयुगाचे वैशिष्ट्य होते आणि हाच अणू पुढे त्याच्या संश्लेषणातील सर्वांत मोठी अडचण ठरला.

हेंच यांचे निरीक्षण : रसायनशास्त्रज्ञांचे हे काम चालू असता त्याच मेयो क्लिनिकमध्ये एक वेगळाच शोध सुरू होता. फिलिप शोवॉल्टर हेंच (१८९६–१९६५) हे तेथे संधिविकारांच्या विभागाचे प्रमुख होते. संधिवाताभ संधिशोथ या रोगात सांधे सुजतात, दुखतात व हळूहळू वाकडे होऊन निकामी होतात. हा रोग एकदा जडला म्हणजे तो वाढतच जाणार, अशी त्या काळी वैद्यांची सर्वसाधारण समजूत होती. १९२९ च्या एप्रिलमध्ये हेंच यांच्याकडे आलेल्या ६५ वर्षांच्या एका रुग्णाने, जो स्वतः वैद्य होता, एक विलक्षण गोष्ट सांगितली. त्याला कावीळ झाली आणि लगेच त्याच्या सांध्यांचे दुखणे नाहीसे झाले. कावीळ बरी झाल्यावरही कित्येक आठवडे ते परतले नाही. हेंच यांनी ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली नाही. पुढील काही वर्षांत त्यांनी अशी इतर उदाहरणे गोळा केली. संधिवाताभ संधिशोथ असलेल्या स्त्रियांना गर्भारपणात आराम पडतो व प्रसूतीनंतर दुखणे पुन्हा सुरू होते, हेही त्यांच्या लक्षात आले.

यावरून त्यांनी दोन अनुमाने काढली. पहिले, हा रोग परतवता येण्याजोगा आहे. दुसरे, कावीळ व गर्भारपण या दोन्ही अवस्थांत शरीरात एखादे समान द्रव्य वाढत असले पाहिजे. या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘द्रव्य एक्स’ म्हटले. गर्भारपण स्त्रियांतच संभवते व कावीळ स्त्री-पुरुष दोघांनाही होते. म्हणून हे द्रव्य पित्तातील किंवा केवळ स्त्रीच्या शरीरातील असू शकत नाही, असा त्यांचा तर्क होता. पित्त, पित्ताम्ले, कावीळ झालेल्यांचे रक्त इ. देऊन त्यांनी प्रयोग केले; पण यश आले नाही. केंडाल यांच्याशी वारंवार झालेल्या चर्चेतून हे द्रव्य अधिवृक्क बाह्यकातील हॉर्मोन असावे, ही कल्पना पुढे आली आणि १९४१ मध्ये संयुग ई चा रुग्णांवर प्रयोग करण्याचे उभयतांनी ठरविले. तथापि प्रयोगाला पुरेल इतके संयुग ई जगात कोठेच उपलब्ध नव्हते.

युद्धकाळ व संश्लेषण : दुसऱ्या महायुद्धाने या संशोधनाला अनपेक्षित चालना दिली. जर्मन वैमानिकांना अधिवृक्क अर्क देऊन फार उंचीवरील विरळ हवेत विमाने चालविण्यास समर्थ केले जात आहे, अशी अफवा पसरली होती. ती पुढे निराधार ठरली. परंतु तिच्यामुळे अमेरिकन शासनाने बाह्यक हॉर्मोनांच्या संश्लेषणाला अग्रक्रम दिला. केंडाल यांच्या पद्धतीच्या आधारे मर्क या औषधनिर्मिती संस्थेत प्रथम संयुग ए तयार करण्यात आले. पण ॲडिसन रोगात त्याचा फारसा उपयोग झाला नाही व अनेकांचा उत्साह मावळला.

मर्कमधील लुइस सॅरेट (१९१७–९९) या तरुण रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ च्या अखेरीस गुरांच्या पित्तापासून मिळणाऱ्या डीऑक्सिकोलिक अम्लापासून संयुग ई चे अंशतः संश्लेषण केले. या अम्लातील ऑक्सिजन अणू १२ व्या स्थानी असतो. तो ११ व्या स्थानी आणणे हे मुख्य कार्य होते. एकूण प्रक्रियेत तीसहून अधिक टप्पे होते व प्रत्येक टप्प्यावर द्रव्याचा काही भाग वाया जात असे. १९४८ पर्यंत या मार्गाने काही ग्रॅम संयुग तयार झाले होते.

पहिला उपचार : १९४८ च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकमध्ये २९ वर्षांची एक स्त्री उपचारासाठी दाखल झाली. संधिवाताभ संधिशोथाने ती जवळजवळ अपंग झाली होती. कावीळ घडवून आणण्याचा उपाय तिच्या बाबतीत फसला. तरीही काही आराम पडल्याखेरीज रुग्णालय सोडण्यास तिने नकार दिला. हेंच व केंडाल यांनी मर्ककडे संयुग ई ची मागणी केली आणि २१ सप्टेंबर १९४८ रोजी तिला त्याचे पहिले अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यात आले. मात्रा दररोज १०० मिग्रॅ. इतकी होती. दोन-तीन दिवसांतच तिच्या सांध्यांचा ताठरपणा व वेदना कमी झाल्या आणि आठवडाभरात ती बाजारहाटासाठी रुग्णालयाबाहेर पायी जाऊन आली.

हेंच, केंडाल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स स्लोकम व हॉवर्ड पॉली यांनी नंतर इतर रुग्णांवर हाच उपचार केला. पोष ग्रंथीतील व बाह्यकाला उत्तेजित करणाऱ्या एसीटीएच या हॉर्मोनानेही तोच परिणाम होतो, असे १९४९ च्या आरंभी दिसून आले. एप्रिल १९४९ मध्ये १४ रुग्णांवरील निष्कर्ष जाहीर करण्यात आले. त्या वेळी दाखविलेल्या चलच्चित्रपटात उपचारापूर्वी पायऱ्या चढण्यासही असमर्थ असलेले रुग्ण उपचारानंतर सहज चालताना दिसत होते. ‘संयुग ई’ या नावाचा ई जीवनसत्त्वाशी घोटाळा होऊ लागल्याने त्याला ‘कॉर्टिसोन’ हे नाव देण्यात आले. हा उपचार तूर्त संशोधनाचा भाग समजावा, असे या शास्त्रज्ञांनी स्वतःच बजावले होते. औषध थांबविताच बहुतेक रुग्णांत रोगलक्षणे परत येत असल्याचेही त्यांनी नमूद केले होते. तथापि वृत्तपत्रांतून या इशाऱ्यापेक्षा चमत्काराचीच वार्ता अधिक पसरली. १९५० चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक केंडाल, राइखश्टाइन व हेंच यांना विभागून देण्यात आले. पहिल्या रुग्णापासून पारितोषिकापर्यंत जेमतेम दोन वर्षे लोटली होती.

उत्पादनाचा प्रश्न : आरंभी कॉर्टिसोनाची किंमत एका ग्रॅमला सुमारे २०० डॉलर होती आणि एका रुग्णाला दहा दिवसांतच एक ग्रॅम लागे. त्यामुळे स्वस्त कच्च्या मालाचा शोध जगभर सुरू झाला. ११ व्या स्थानी ऑक्सिजन असलेले द्रव्य पुरविणाऱ्या स्ट्रोफँथस वंशातील वेलींच्या शोधार्थ आफ्रिकेत मोहिमा गेल्या. कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी जूलियन यांनी सोयाबीनमधील स्टेरॉलांपासून निकटची संयुगे तयार केली. मेक्सिकोतील रानकंदांत डायोसजेनीन हे उपयुक्त द्रव्य असल्याचे रसेल मार्कर यांनी आधीच दाखविले होते. त्यापासून मेक्सिको शहरातील सिंटेक्स प्रयोगशाळेत कार्ल जेरासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये कॉर्टिसोन तयार केले. त्याच वर्षी रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी स्टेरॉइड सांगाड्याचे पूर्ण संश्लेषण साध्य केले.

व्यावहारिक दृष्ट्या निर्णायक ठरलेला उपाय मात्र कवकाने (बुरशीने) पुरविला. अपजॉन कंपनीतील ड्युरी पीटरसन व हर्बर्ट मरी यांनी १९५२ मध्ये असे दाखविले की, ऱ्हायझोपस वंशातील कवक प्रोजेस्टेरॉनाच्या ११ व्या स्थानी एका टप्प्यातच ऑक्सिजन बसविते. जे कार्य रसायनशास्त्रज्ञांना अनेक टप्प्यांनी व अत्यल्प उताऱ्याने करावे लागत होते, ते पावावर वाढणाऱ्या बुरशीच्या जातभाईने सहज केले. काही वर्षांतच किंमत मूळच्या काही शतांशांवर आली. भारतातही डायोसजेनिनासाठी हिमालयातील डायोस्कोरिया डेल्टॉइडिया या वनस्पतीचे कंद मोठ्या प्रमाणावर खणले गेले. अतिरेकी खोदाईने ती दुर्मिळ झाली व तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालावे लागले.

दुष्परिणाम व पुनर्विचार : औषध मुबलक होताच त्याची दुसरी बाजूही उघड झाली. चेहरा चंद्राप्रमाणे गोल होणे, धडावर मेद साठणे, रक्तदाब व रक्तातील साखर वाढणे, हाडे विरळ होऊन मोडणे, स्नायू दुबळे होणे, जखमा भरून न येणे, संसर्ग बळावणे व कधीकधी मानसिक विकृती हे परिणाम दीर्घ उपचारांत दिसू लागले. त्यांपैकी पुष्कळ लक्षणे नवी नव्हती; हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या विकारात शरीरातच हे हॉर्मोन जास्त झाल्याने ती उद्भवतात.

आणखी एक धोका अधिक गंभीर होता. बाहेरून हॉर्मोन मिळत राहिल्यास पोष ग्रंथी एसीटीएच तयार करण्याचे थांबवते व अधिवृक्क बाह्यक निष्क्रिय होऊन आक्रसते. अशा रुग्णाचे औषध एकाएकी बंद केल्यास, अथवा शस्त्रक्रियेच्या वेळी वाढीव मात्रा न दिल्यास, त्याचा मृत्यू ओढवू शकतो. १९५२ मध्ये अशा मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्या ग्रंथीच्या नाशामुळे ॲडिसन यांचे रुग्ण दगावले, तीच ग्रंथी आता औषधाने निद्रिस्त होत होती. स्टेरॉइडे दीर्घकाळ दिल्यानंतर त्यांची मात्रा हळूहळूच कमी करावयाची, हा वैद्यकातील नियम या अनुभवातून आला.

१९५४ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषद व नफील्ड प्रतिष्ठान यांच्या संयुक्त समितीने संधिवाताभ संधिशोथाच्या प्रारंभिक अवस्थेतील ६१ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यदृच्छया पाडलेल्या दोन गटांपैकी एकास कॉर्टिसोन व दुसऱ्यास ॲस्पिरीन देण्यात आले होते. वर्षअखेर दोन्ही गटांच्या स्थितीत फारसा फरक आढळला नाही. चमत्कार म्हणून गाजलेल्या औषधाची जुन्या व स्वस्त औषधाशी बरोबरी व्हावी, हे अनेकांना धक्कादायक वाटले. या औषधाने रोगाचे मूळ कारण नाहीसे होत नाही, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. तथापि हा अखेरचा शब्द नव्हता. दररोज ७·५ मिग्रॅ. एवढ्या अल्प मात्रेतील प्रेडनिसोलोन रोगाच्या आरंभी दिल्यास सांध्यांचा नाश मंदावतो, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसून आले.

सुधारित स्टेरॉइडे व कार्यपद्धती : मूळ रेणूत थोडेफार फेरफार करून शोथरोधी गुण वाढविण्याचे व लवण साठविण्याचा दोष कमी करण्याचे प्रयत्न झाले. त्यांतून १९५५ मध्ये प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन आणि १९५८ च्या सुमारास डेक्सामेथासोन ही औषधे प्रचारात आली. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलाच्या सु. चौपट व डेक्सामेथासोन सु. पंचवीसपट प्रभावी आहे. शोथरोधी गुण मात्र इतर परिणामांपासून पूर्णपणे वेगळे काढता आले नाहीत. याचे कारण कार्यपद्धतीत आहे. हे हॉर्मोन कोशिकेत (पेशीत) शिरून विशिष्ट ग्राही प्रथिनाशी संयोग पावते. हा संयुक्त रेणू केंद्रकात जाऊन काही जीनांचे कार्य वाढवितो व शोथकारक प्रथिने तयार करणाऱ्या जीनांचे कार्य दडपतो. या ग्राहीचे जीन १९८५ मध्ये ओळखण्यात आले. शरीरातील जवळजवळ सर्व कोशिकांत हा एकच ग्राही असल्यामुळे सांध्यावर उपकारक ठरणारे औषध त्याच वेळी हाडांवर व स्नायूंवरही कार्य करते. म्हणूनच औषध केवळ रोगग्रस्त जागीच पोहोचविणे हा अधिक यशस्वी मार्ग ठरला. १९५२ पासून त्वचारोगांवरील मलमे व १९७२ पासून दम्यावरील श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन ही त्याची ठळक उदाहरणे होत.

वैद्यकीय वारसा : ज्या रोगासाठी कॉर्टिसोन प्रथम वापरले गेले, त्याच्याबाहेरच या औषधांचे सर्वांत मोठे कार्य घडले. ॲडिसन रोग पूर्वी प्राणघातक होता. आता रोजच्या गोळीवर रुग्ण दीर्घायुष्य जगू शकतो. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत, तीव्र दम्यात, वृक्कविकारांत व प्रतिरक्षा यंत्रणेच्या विकारांत ती महत्त्वाची आहेत. १९६० नंतरच्या दशकात ॲझाथायोप्रिनाबरोबर प्रेडनिसोन दिल्याने रोपण केलेले वृक्क शरीराकडून नाकारले जाणे टाळता येऊ लागले. न्यूझीलंडमधील ऑक्लंड येथे ग्रॅहॅम लिगिन्स व रॉस हौवी यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की, अकाली प्रसूतीच्या धोक्यात असलेल्या मातेला बीटामेथासोन दिल्यास अर्भकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात व बालमृत्यू कमी होतात. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनानेही नवजात अर्भकांचे मृत्यू घटल्याचे आढळले.

कोव्हिड-१९ च्या साथीत जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. दररोज ६ मिग्रॅ. डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सु. एक तृतीयांशाने व केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांचे सु. एक पंचमांशाने कमी झाले. ऑक्सिजनाची गरज नसलेल्या रुग्णांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता. पण तो अनेक ठिकाणी दुर्लक्षिला गेला. १९५७–५८ चे हे स्वस्त औषध भारतात सर्वत्र उपलब्ध होते व २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गरज नसताना, लवकर आणि अधिक मात्रेत दिले गेल्याची अनेक उदाहरणे घडली. त्या वर्षी देशात म्यूकरमायकोसिस या कवकजन्य रोगाचा उद्रेक झाला. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत त्याचे रुग्ण विशेष आढळले. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. अनेक रुग्णांचे डोळे वा जबडा शस्त्रक्रियेने काढावे लागले. ऱ्हायझोपस हे या रोगास सामान्यतः कारणीभूत होणारे कवक होय. ज्याच्या साहाय्याने १९५२ मध्ये ही औषधे स्वस्त झाली, तोच हा वंश आहे.

त्वचेवरील मलमांचा प्रश्नही भारतात गंभीर आहे. गजकर्ण किंवा चेहऱ्यावरील डाग यांसाठी वैद्याच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइडयुक्त मलमे वापरल्याने संसर्ग छुपा होऊन पसरतो व त्वचा पातळ होते. यास्तव २०१८ मध्ये अशी अनेक मलमे वैद्याच्या चिठ्ठीवरच विकता येतील अशा औषधांच्या अनुसूचीत घालण्यात आली.

१९४८ च्या त्या रुग्णेला औषधाने आठवड्याभरात चालते केले, यात शंका नाही. आणि त्याच औषधाने पुढे अनेकांची हाडे ठिसूळ केली, हेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही फळे एकाच रेणूच्या एकाच गुणधर्माची आहेत. शोथ ही शरीराची संरक्षक क्रिया असून ती अनावर झाली म्हणजे रोग होते. ती दडपली की, रोगाबरोबर संरक्षणही दडपले जाते. कोणाला, किती मात्रेत व किती दिवस हे औषध द्यावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच शोथरोधी स्टेरॉइडांच्या उपचाराचा सारा इतिहास सामावलेला आहे.